होप्फ बिंदू ०.३३१ ला, पण स्पंदने ०.४५ नंतर. कोडात गडबड आहे का? आणि पुढच्या चार वर्षांबद्दल

वक्ररेषा

नमस्कार. गणितात एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी उत्तेजनक्षम पेशींची (चेतापेशी, हृदयपेशी) अरेषीय गतिकी हा विषय घेतला आहे. पहिले वर्ष चालू आहे. सध्या फिट्झह्यू–नागुमो मॉडेलवर हात बसवते आहे:

व′ = व − व³/३ − प + आय
प′ = ए (व + अ − ब·प)

'व' हा व्होल्टेजसारखा वेगवान चल, 'प' हा पेशी पूर्ववत करणारा संथ चल, 'आय' म्हणजे बाहेरून दिलेला प्रवाह. अ = ०.७, ब = ०.८, ए = ०.०८ हे नेहमीचे आकडे. कागदावर होप्फ बिंदू (जिथे स्थिर समतोल अस्थिर होतो आणि स्पंदने जन्मतात) आय = ०.३३१ ला येतो.

आता सिम्युलेशन. आय ०.२ पासून सुरू करून दर कालएककाला ०.०००५ ने वाढवला, तर मोठी स्पंदने ०.४५ ओलांडल्यावर दिसतात. वरून खाली उतरत आले, तर ०.३३१ च्या खाली गेल्यावरही एखादे आवर्तन होते आणि मग सगळे शांत होते. पायथन, सायपायचे सॉल्व्ह-आयव्हीपी (समीकरणे सोडवणारे फंक्शन), टॉलरन्स (त्रुटीची मान्य मर्यादा) मूळचेच ठेवले आहेत. कोड चुकतोय की यात गणित आहे?

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. माझे मार्गदर्शक गणिताचे आहेत. एक प्रयोगशाळा सोबत काम करायला तयार आहे. त्यांच्याकडे एकेका चेतापेशीच्या ४० सेकंदांच्या व्होल्टेज नोंदी आहेत आणि त्यांची अपेक्षा आहे, "यावर मॉडेल बसवून द्या." गणितज्ञ म्हणून या क्षेत्रात टिकायचे तर प्रबंधाची आखणी कशी करावी? कशात वेळ घालावा, कशात घालू नये?

मंदचल

कोड बहुधा ठीक आहे. तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच आलेखात दिसताहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली गोष्ट: हा होप्फ बिंदू सौम्य नाही. समतोलाजवळच्या जॅकोबियनचा (आंशिक अवकलजांच्या सारणीचा) ट्रेस १ − व² − ए·ब. तो शून्य केला की व² = ०.९३६, म्हणजे व = −०.९६७५ आणि आय = ०.३३१ (वरच्या बाजूचा जोडीदार १.४१९ ला). इथवर तुम्ही केलेच आहे. बहुतेक जण इथेच थांबतात. पहिला ल्यापुनोव्ह गुणांक (जन्मणारी सायकल स्थिर की अस्थिर हे सांगणारा आकडा) काढत नाहीत. या मॉडेलमध्ये त्याचे चिन्ह एका साध्या राशीवर ठरते: २ब − १ − ए·ब². ती धन असेल तर बायफर्केशन (वागणुकीतला बदल) सबक्रिटिकल, म्हणजे जन्मणारी सायकल अस्थिर; ऋण असेल तर सुपरक्रिटिकल, म्हणजे ती स्थिर. तुमच्या आकड्यांत १.६ − १ − ०.०५१ = ०.५४९, म्हणजे स्पष्टच सबक्रिटिकल. ०.३३१ च्या डावीकडे एक छोटी अस्थिर लिमिट सायकल (स्पंदनाचा बंद मार्ग) असते, तिच्या बाहेर मोठी स्थिर सायकल, आणि आत स्थिर समतोल बिंदू. त्यामुळे खाली उतरताना स्पंदने ०.३३१ पार करून टिकतात. ए = ०.०८ ठेवून ब सुमारे ०.५१ च्या खाली नेला तर हे चित्र बदलते. करून बघा, एका संध्याकाळचे काम आहे.

याची एक खूण तुमच्या डेटात आधीच असणार. होप्फ बिंदूवर काल्पनिक आयगेनव्हॅल्यू ०.२७५५ येते, म्हणजे आवर्तकाल २२.८. तुमच्या मोठ्या स्पंदनांचा काळ मोजलात तर तो साधारण ४० निघेल. होप्फमधून नुकत्याच जन्मलेल्या सायकलचा काळ इतका वेगळा नसता.

दुसरी गोष्ट: चढताना ०.४५ पर्यंत उशीर. हिस्टेरिसिसने (चढताना आणि उतरताना उंबरठा वेगळा असण्याने) हा उशीर समजत नाही, कारण ०.३३१ च्या पुढे समतोल बिंदू अस्थिरच आहे. हा संथ रॅम्पचा (आय सावकाश सरकवण्याचा) परिणाम आहे. पॅरामीटर हळूहळू सरकत होप्फ बिंदू ओलांडतो तेव्हा स्थैर्य लगेच सुटत नाही. आय ०.२ पासून ०.३३१ पर्यंत जाताना छोटे विचलन सतत आक्रसत आलेले असते, आणि बिंदू ओलांडल्यावर ते तितकेच वाढेपर्यंत डोळ्याला काही दिसत नाही. आयगेनव्हॅल्यूचा वास्तव भाग या पट्ट्यात आयबरोबर जवळजवळ सरळ रेषेत बदलतो (०.२ ला −०.१०४, ०.३३१ ला शून्य). म्हणून सुटण्याचा बिंदू ढोबळमानाने तितक्याच अंतरावर पुढे येतो: ०.३३१ + ०.१३१ = ०.४६. तुमच्या आकड्याशी जुळते.

आता टॉलरन्स. त्या १३१ सहस्रांशांवर वास्तव भागाचे संकलन साधारण ०.००६८ भरते. त्याला रॅम्पच्या वेगाने भागा: ०.००६८ / ०.०००५ ≈ १३.६. म्हणजे विचलन सुमारे दशलक्षावा भाग उरेपर्यंत आक्रसते. सॉल्व्ह-आयव्हीपीचे मूळचे टॉलरन्स आहेत सापेक्ष ०.००१ आणि निरपेक्ष ०.०००००१. सॉल्व्हरची स्वतःचीच त्रुटी त्या विचलनाइतकी किंवा त्याहून मोठी, तेव्हा तुमचा ०.४५ हा आकडा काही अंशी सॉल्व्हरचा आहे. सापेक्ष टॉलरन्स १० चा उणे ९वा घात आणि निरपेक्ष उणे १२वा घात ठेवून पुन्हा चालवा. आणि 'अजून संथ केले की अचूक येईल' या भरवशावर राहू नका. वेग ०.०००१ केलात तर तीच राशी ६८ होते, विचलन १० च्या उणे २९व्या घाताकडे जाऊ पाहते आणि दुहेरी अचूकतेची गणिते १० च्या उणे १६व्या घाताशीच थांबतात. मग उशीर ठरवतो तो राउंड-ऑफ.

वेगळे करायचे कसे? रॅम्पची सुरुवात ०.२ ऐवजी ०.२८ पासून करा. सुटण्याचा बिंदू खाली सरकला तर तो उशीराचा परिणाम. खरा बायफर्केशन बिंदू सुरुवातीच्या जागेवर अवलंबून नसतो. दुसरी चाचणी रॅम्पशिवाय. आय स्थिर ठेवून ०.३२० ते ०.३३२ पर्यंत ०.००१ च्या पावलाने जा. प्रत्येक किमतीला दोन धावा करा, एक समतोलाच्या अगदी जवळून आणि एक दूरवरून, प्रत्येकी किमान २,००० कालएकक. दोन्हींचा शेवट वेगळा होतो तो पट्टा म्हणजे द्विस्थिर खिडकी.

उतरत्या रॅम्पने ही खिडकी मोजता येणार नाही हेही लक्षात ठेवा. एक आवर्तन ४० एककांचे आणि वेग ०.०००५, म्हणजे एका आवर्तनातच आय ०.०२ ने बदलतो. खिडकी त्याहून अरुंद आहे.

पिपेट

मंदचल यांनी गणित नीट उलगडले आहे. मी प्रयोगाच्या बाजूचे लिहितो, कारण "मॉडेल बसवून द्या" या वाक्यातच पुढची दोन वर्षे वाया जाण्याची सोय आहे.

फिट्झह्यू–नागुमो खऱ्या व्होल्टेज नोंदीवर बसवू नका. त्यातला 'व' मिलिव्होल्टमध्ये नाही, काळ मिलिसेकंदात नाही, आणि 'प' हा कुठल्याच एका आयन चॅनेलचा प्रतिनिधी नाही. नोंद फक्त 'व' ची मिळते. 'प' कुणी मोजलेला नसल्यामुळे त्याचे एकक बदलून गुणांक इकडचे तिकडे करता येतात आणि वक्र तसाच राहतो. ऑप्टिमायझर आकडे देईल, पण त्या आकड्यांना अर्थ नसेल. हे मॉडेल आकृती समजण्यासाठी आहे आणि त्या कामाला ते उत्तम आहे. डेटाशी बोलायचे तर किमान मॉरिस–लेकार (१९८१) घ्या. दोनच चल, पण कॅल्शियम आणि पोटॅशियमचे प्रवाह खऱ्या एककांत. किंवा हॉजकिन–हक्स्लीच्या घाटणीचे पूर्ण मॉडेल घ्या आणि त्यातले जितके शक्य तितके पॅरामीटर स्वतंत्र व्होल्टेज-क्लॅम्प (व्होल्टेज धरून ठेवून प्रवाह मोजण्याच्या) मोजमापांतून ठरवा.

प्रयोगशाळेला पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न: तुम्ही कुठली खुंटी पिळू शकता? आत सोडलेला प्रवाह सहज बदलता येतो. बाहेरच्या द्रावणातले पोटॅशियम, कॅल्शियम बदलता येते. तापमान बदलता येते, पण त्याने सगळ्याच दरांना हात लागतो. हॉजकिन–हक्स्लीत दर ६.३ अंश सेल्सियसला दिलेले आहेत आणि दर १० अंशांना ते तिप्पट होतात. तापमान न नोंदवलेल्या नोंदीवर दर बसवण्यात काही हशील नाही. ज्या पॅरामीटरच्या दिशेने तुम्ही सुंदर बायफर्केशन आकृती काढता, तो प्रयोगात हलवता येत नसेल तर तुमचे भाकीत तपासणार कोण?

सबक्रिटिकल होप्फ खरोखर किती उपयोगी ठरू शकतो याचे उत्तम उदाहरण याच विषयात आहे. हॉजकिन–हक्स्ली मॉडेलमध्ये साधारण ६.३ ते ९.८ मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर या पट्ट्यात शांत अवस्था आणि सलग स्पंदने दोन्ही स्थिर आहेत. याचा थेट निष्कर्ष असा की चालू असलेली स्पंदने एका छोट्या, योग्य वेळी दिलेल्या विद्युत-ठोक्याने कायमची थांबवता यायला हवीत. गटमन, लुईस आणि रिन्झेल यांनी १९८० मध्ये स्क्विडच्या महाअक्षतंतूवर, कमी कॅल्शियमच्या द्रावणात, नेमके हे करून दाखवले. ठोका चुकीच्या फेजला पडला तर स्पंदने फक्त पुढेमागे सरकतात. बरोबर फेजला, बरोबर ताकदीचा पडला तर थांबतात. वक्र किती छान बसला याला या कामात दुय्यम स्थान होते. 'हे दिसलेच पाहिजे' असे गणिताने सांगितले आणि ते दिसले. तुम्ही प्रयोगशाळेकडे असे वाक्य घेऊन जा.

तुमच्या ४० सेकंदांबद्दल. त्रिकोणी रॅम्प देऊन (प्रवाह वर, मग त्याच वेगाने खाली) स्पंदने सुरू होण्याचा आणि थांबण्याचा प्रवाह मोजता येतो, पण तीन गोष्टी घात करतात. एक, अॅडॅप्टेशन. संथ पोटॅशियम प्रवाह साचत गेला की पेशी दमते आणि स्पंदने सुरू झाली त्यापेक्षा *जास्त* प्रवाहालाच थांबतात. द्विस्थिरतेत उलटे होते, थांबण्याचा प्रवाह *कमी* असतो. दोन्ही एकाच पेशीत असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि 'हिस्टेरिसिस नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून किमान तीन वेगांचे रॅम्प मागा. दोन, होल-सेल पद्धतीत (पिपेट पेशीच्या आतल्या भागाशी जोडलेली असते) पेशीतला द्रव हळूहळू पिपेटमधल्या द्रावणाने बदलत जातो आणि इलेक्ट्रोडचा रोधही सरकतो. म्हणून रॅम्पचा क्रम यादृच्छिक ठेवा आणि पहिला रॅम्प शेवटी पुन्हा द्या. तीन, गोंगाट. खिडकी अरुंद असेल तर चॅनेलच्या गोंगाटानेच पेशी दोन अवस्थांत उड्या मारते आणि धारदार उंबरठा दिसतच नाही. मग उंबरठा शोधत बसू नका. स्थिर प्रवाहाला प्रत्येक अवस्थेत पेशी किती वेळ राहते त्याचे वितरण घ्या. ४० सेकंदांत अशा उड्या मोजक्याच मिळतील, तेव्हा त्या पट्ट्यात लांब नोंदी लागतील हे आत्ताच सांगून ठेवा.

आणखी एक स्वस्त मोजमाप: उंबरठ्याजवळ वारंवारता कशी वाढते? प्रवाहातल्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे शून्यापासून वाढत असेल तर समतोल बिंदू सायकलवरच नाहीसा होतो आहे. थेट शून्येतर किमतीपासून सुरू होत असेल तर होप्फचा संशय घ्या. हॉजकिनने १९४८ मध्येच पेशींचे पहिला वर्ग, दुसरा वर्ग असे प्रकार पाडले होते ते याच निरीक्षणावरून. फक्त संथ अॅडॅप्टेशन असेल तर पहिल्या दोन स्पंदनांमधले अंतर आणि स्थिरावल्यानंतरचे अंतर वेगवेगळे मांडा. सरासरी घेतली की दोन्ही प्रकार सारखेच दिसू लागतात.

दुसरा_घात

दुसऱ्या प्रश्नावर. इथे गणितज्ञाची कारकीर्द दोन्ही टोकांना घसरू शकते. एका टोकाला, जीवशास्त्रज्ञांसाठी वक्र बसवून देणारा माणूस: नाव मधल्या लेखकांत, स्वतःचा प्रश्न नाही. दुसऱ्या टोकाला, 'जैविक' हा शब्द फक्त प्रस्तावनेत असलेली प्रमेये: पॅरामीटर असे की कुठल्याच पेशीत सापडणार नाहीत. दोन्ही प्रकारच्या माणसांना नेमणुकीच्या वेळी समिती विचारते, "तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता?" आणि उत्तर अवघड जाते.

माझे मत असे: प्रबंधात एक प्रकरण असे असू द्या जे डेटा पूर्ण काढून टाकला तरी गणित म्हणून उभे राहील. तुमच्या बाबतीत ते समोरच आहे, संथ पॅरामीटर आणि सबक्रिटिकल होप्फ एकत्र आल्यावर गोंगाटात सुटण्याचा बिंदू कसा वितरित होतो. दुसरे प्रकरण असे असू द्या जे समीकरणे काढली तरी प्रयोगवाल्याला काहीतरी सांगेल: कुठला रॅम्प, किती वेगाने, किती वेळा. तिसरे या दोहोंना जोडणारे. पहिल्यासाठी प्रयोगशाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावे लागत नाही, हा मोठा फायदा आहे. नोंदी सहा महिने उशिरा येतात, कधी उपकरण बंद पडते, कधी तो विद्यार्थीच निघून जातो. गणिताचे प्रकरण चालू असेल तर तुमचे वर्ष बुडत नाही.

लेखकांच्या क्रमाबद्दल पहिल्याच महिन्यात बोला. गणितात नावे बहुधा आडनावाच्या वर्णानुक्रमाने लागतात, जीवशास्त्रात पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे गटप्रमुखाचे. गणिताच्या विभागात तुमचे मूल्यमापन करणाऱ्याला 'पाच जणांत दुसरे नाव' याचा अर्थ कळत नाही, आणि जीवशास्त्रवाल्याला वर्णानुक्रम कळत नाही. कोणता लेख कुठे आणि कोणत्या क्रमाने जाणार ते लेखी असलेले बरे. गणिताच्या बाजूच्या लेखासाठी जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी किंवा सियामचे उपयोजित गतिकीचे नियतकालिक. प्रयोगाचा लेख शरीरक्रियाशास्त्राकडे.

कशात वेळ घालू नये, तर छोट्या नोंदीत 'केऑस' (नियमबद्ध पण अनियमित दिसणारी गतिकी) शोधण्यात. १९८० च्या दशकात सहसंबंध-मिती (गतिकीला किती चले पुरतात याचा अंदाज) काढायची पद्धत आली आणि मेंदूच्या लहरींपासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत सगळीकडे केऑस सापडू लागला. पुढे सरोगेट डेटा (त्याच वर्णपटाची, पण फेज विस्कटलेली कृत्रिम नोंद) घेऊन तुलना करायला सुरुवात झाली आणि त्यातले बरेच दावे गळाले. रंगीत गोंगाटही कमी मिती आणि धन ल्यापुनोव्ह घातांक (जवळचे मार्ग एकमेकांपासून दूर जाण्याचा दर) दाखवतो. तुमच्या ४० सेकंदांत असा दावा करू नका आणि कुणी करायला लावला तर आधी सरोगेट मागा.

केऑस नीट दाखवायचा तर कसा, याचा नमुना पिठातल्या किड्यांचा आहे. कॉस्टँटिनो, देशार्ने, कुशिंग आणि डेनिस यांनी ट्रायबोलियम किड्यांच्या अळी–कोश–प्रौढ अशा तीन चलांच्या, दोन आठवड्यांच्या पायरीच्या मॉडेलपासून सुरुवात केली, पॅरामीटर आधी वेगळ्या डेटावरून ठरवले आणि मग प्रौढांचा मृत्युदर हाताने ०.९६ वर धरला. त्यानंतर प्रौढांकडून कोश खाल्ले जाण्याचा गुणांक बदलत नेला. कोणत्या किमतीला समतोल, कोणत्या किमतीला आवर्तन, कोणत्या किमतीला केऑस हे मॉडेलने आधी सांगितले होते. किड्यांची संख्या त्याप्रमाणे वागली (१९९७). एका नोंदीतून केऑस 'ओळखण्यापेक्षा' बायफर्केशनची पूर्ण साखळी हलवून दाखवणे कितीतरी भक्कम. पिपेट यांच्या खुंटीच्या प्रश्नाशी हे थेट जुळते.

आणि कुठलाही डेटा बसवण्याआधी कागदावर एक तपासणी: या मोजमापातून हा पॅरामीटर तत्त्वतः तरी निघू शकतो का? साथीच्या सुरुवातीचे उदाहरण सोपे आहे. घातांकी वाढीतून फक्त संसर्गदर वजा बरे होण्याचा दर एवढाच फरक मिळतो. दोन्ही वेगवेगळे कितीही डेटा आणला तरी त्या टप्प्यात निघत नाहीत. तुमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक पॅरामीटर धरून ठेवून बाकीचे पुन्हा बसवा आणि लाइक्लिहूड (त्या आकड्यांना डेटा किती संभाव्य ठरतो) कसे बदलते ते काढा. वक्र सपाट असेल तर तो आकडा लेखात छापू नका.

शून्यढाळ

दुसरा_घात यांच्याशी सहमत, एक भर. गणिताच्या बाजूने खोल जायचे तर संथ–वेगवान प्रणालींचे भूमितीय तंत्र (फेनिखेल, १९७९ आणि त्यापुढचे) मन लावून शिका. जैविक प्रणालींत वेगवेगळ्या वेळमापांची सरमिसळ असतेच, म्हणून हे ज्ञान पेशीपासून परिसंस्थेपर्यंत चालते. मज्जासंस्था हाच विषय आयुष्यभर राहील असेही नाही.

पण 'अरेषीय आहे, म्हणजे स्पंदने असणारच' ही सवय लागू देऊ नका. गुडविनचे तीन चलांचे ऋण-प्रतिपुष्टीचे मॉडेल घ्या. तिन्ही विघटन-दर समान असतील तर हिल घातांक ८ पेक्षा जास्त असल्याशिवाय स्पंदने निघत नाहीत, आणि खऱ्या प्रथिनांत इतका तीव्र प्रतिसाद क्वचितच मिळतो. तेच प्रतिपुष्टीत विलंब घातला की चित्र बदलते. मॅकी–ग्लास (१९७७) समीकरणात नेहमीचे ०.२, ०.१ आणि घातांक १० हे आकडे घ्या: समतोल १ ला, विलंब सुमारे ४.७१ झाला की होप्फ, आवर्तकाल साधारण १६.२, विलंब १७ ला केऑस. अशा आकडेमोडी हाताने करत राहिल्याने सॉफ्टवेअरने दिलेले चुकीचे चित्र लगेच खटकते.

वक्ररेषा

सगळ्यांचे खूप आभार. स्थिर आय ठेवून धावा केल्या. ०.३२४ च्या आसपासपासून ०.३३१ पर्यंत दोन्ही शेवट मिळतात. रॅम्पची सुरुवात ०.२८ केल्यावर सुटण्याचा बिंदू खाली आला. आता एक्सपीपी-ऑट या बायफर्केशन आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सायकलची शाखा काढते आहे, पण होप्फपासून थोडी पुढे गेल्यावर 'एमएक्स' येऊन थांबते. आणि ०.३२४ कागदावर मिळवता येईल का?

मंदचल

एमएक्स म्हणजे त्या पावलावर न्यूटनची पुनरावृत्ती स्थिरावली नाही. इथे कारण ठरलेले आहे. अस्थिर सायकल ०.३२४ जवळ आली की अगदी अरुंद पट्ट्यात तिचा आकार छोट्याचा एकदम मोठा होतो, आय जवळजवळ हलतच नाही. मूळचे सेटिंग यासाठी फार ढोबळ आहे. एनटीएसटी (सायकलच्या जाळीचे भाग) १५ असते ते ८० ते १०० करा. डीएसमॅक्स (कमाल पाऊल) ०.५ असते ते ०.०१ वर आणा, डीएसमिन (किमान पाऊल) ०.००००१ पर्यंत खाली, एनमॅक्स (पावलांची कमाल संख्या) २,००० पर्यंत वर. पॅरामीटरचा पट्टा ०.२ ते १.५. एक्सपीपीत आय = ०.२ ला समतोल पूर्ण बसेपर्यंत 'इनिशियलकॉण्ड्स – लास्ट' तीन-चार वेळा चालवा, मगच ऑटोत शिरा. समतोल नीट बसलेला नसेल तर पहिलीच शाखा चुकते. स्थिर शाखा पूर्ण झाल्यावर 'ग्रॅब'ने एचबी (होप्फ बिंदू) पकडा आणि 'पिरिऑडिक' चालवा. शाखा डावीकडे निघाली पाहिजे. उजवीकडे निघाली तर ब किंवा ए टाइप करताना चुकले आहे.

शाखा वळते तिथे एलपी दिसेल. तो खरा आहे का हे फ्लोके गुणकांवरून (एका आवर्तनात विचलन किती पट होते ते) तपासा. द्विचल प्रणालीत दोन गुणक, त्यातला एक सदैव १ असतो. एलपीवर दुसराही +१ मधून जातो. आणि जो सदैव १ असायला हवा तो ०.९७ किंवा १.०४ दाखवू लागला तर एनटीएसटी अजून वाढवा. त्या भागातले स्थैर्याचे निष्कर्ष तोपर्यंत धरू नका.

आता ०.३२४. ए शून्याकडे नेला की होप्फ बिंदू घन-वक्राच्या कोपऱ्यावर, व = −१ ला येतो आणि आय = ०.२९१७ मिळतो. ए च्या पहिल्या घातापर्यंत होप्फ: ०.२९१७ + ए/२ = ०.३३१७ (अचूक ०.३३१३). आकर्षक संथ वक्र आणि अपकर्षक संथ वक्र जिथे जुळतात, ज्याला कनार म्हणतात, ती किंमत काढायला प = (व − व³/३ + आय) + ए·ह(व) + … असे मांडा आणि व = −१ ला छेद शून्य होतो, म्हणून तिथे प्रत्येक घातात अंशही शून्य व्हावा ही अट लावा. पहिल्या घातात येते: ०.२९१७ + ए (१/४ + १/(८ब)). तुमच्या आकड्यांत कंसातली राशी ०.४०६२५, म्हणजे आय ≈ ०.३२४२. एलपी याला चिकटूनच असतो.

दोन्ही सूत्रे शेजारी ठेवा. ब = १/२ ला १/४ + १/(८ब) बरोबर १/२ होते, म्हणजे कनार आणि होप्फ पहिल्या घातात एकमेकांवर येतात आणि खिडकी मिटते. ल्यापुनोव्ह गुणांकाची २ब − १ − ए·ब² ही अटसुद्धा ए शून्याकडे नेल्यावर तिथेच चिन्ह बदलते. दोन स्वतंत्र हिशोब एकाच जागी भेटताहेत, तेव्हा हा भाग प्रबंधात निर्धास्तपणे घालू शकता. पुढची पायरी दुसऱ्या घाताची; ए = ०.०८ ला ती तिसऱ्या दशांश स्थळावर फरक पाडू शकते, तेव्हा ऑटोच्या एलपीशी तुलना करताना चार दशांश स्थळांपर्यंत जुळण्याची अपेक्षा धरू नका. ए = ०.०१ ला दोन्ही पुन्हा काढा, तिथे जवळीक नीट दिसेल, फक्त एनटीएसटी तेव्हा आणखी वाढवावे लागेल.

पिपेट

प्रयोगशाळेला कळवताना ०.३२४ आणि ०.३३१ हे आकडे सांगू नका, त्यांना त्यातून काही करता येणार नाही. मॉरिस–लेकारमध्ये त्यांच्या पेशीची धारिता आणि प्रवाह घालून खिडकीची रुंदी पिकोअँपिअरमध्ये काढा, आणि ती त्यांच्या प्रवाह-गोंगाटाच्या शेजारी ठेवा. रुंदी गोंगाटाच्या निम्मीही नसेल तर रॅम्पचा प्रयोग मागू नका, थेट लांब स्थिर-प्रवाहाच्या नोंदी मागा.